आधी प्रोसिडिंग, मग सभा

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं लिहायला हात मोकळा. मी उभ्या नोकरीत ज्या सभांची इतिवृत्तं लिहिली, त्यांतल्या निम्म्या सभा झाल्याच नव्हत्या.

दचकू नका. यात मी कुणाचं काही खाल्लं नाही, आणि असं करणारा मी काही एकटा नव्हतो. गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा मी सचिव. गाव मला सेक्रेटरी म्हणतं, सोयरेधायरे सेक्रेटरी म्हणतात, आणि माझं खरं नाव रेशनकार्ड काढल्याशिवाय बायकोलाही आठवत नाही. सचिवाचं हत्यार म्हणजे प्रोसिडिंग, सभेत काय झालं ते लिहायची जाड वही. बाहेरच्या माणसाला वाटतं की आधी सभा भरते, लोक बोलतात, आणि मग कुणीतरी ते लिहून काढतं. आमच्याकडं उलटं. आधी मी घरी ओसरीवर बसून सगळी सभा लिहून काढायची. मग वही पिशवीत घालून मोटारसायकलला किक मारायची. एका संचालकाची सही त्याच्या रानात, दुसऱ्याची लग्नाच्या मांडवात, तिसऱ्याची केस कापून घेताना. एकदा तर अंबाजोगाईच्या दवाखान्यात उजव्या हाताला सलाईन लावलेल्या संचालकाची मी डाव्या हातानं सही घेतली. तो बिचारा गुंगीत विचारतो, ‘काय ठरलं रं?’ मी म्हणालो, ‘तुमीच सूचक हाय.’ त्याला बरं वाटलं.

प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द यायचे. ते लिहायला माझा हात इतका सरावला होता की एकदा मुलीच्या शाळेच्या रजेच्या अर्जाखालीही मी तेच लिहिलं. बाईंनी रजा दिली.

आणखी एक गुपित सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यावर आहे. ठराव लिहिताना गावातल्या प्रत्येक भावकीची एक तरी गोष्ट त्यात घालायची. वरच्या आळीचा रस्ता, खालच्या आळीचं गोदाम, मधल्यांच्या मारुतीचा ओटा. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी एकाच ठरावात तिघांना बांधायचं, म्हणजे कुणी उठून उभा राहत नाही. याला मी साधी हुशारी समजत होतो. पुढं कळलं की शहरात यासाठी मोठमोठ्या शिष्यवृत्त्या देतात.

तर झालं असं की ओळीनं दुष्काळ पडला. कापूस नाही म्हणून माळावरची सहकारी सूतगिरणी थांबली. सोसायटीचं दप्तर दुसऱ्या गावच्या सोसायटीत विलीन झालं आणि मी घरी बसलो. गिरणीचं गेस्टहाऊस तेवढं टकाटक होतं. सिरसाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, उंचावर, दहा खोल्यांचं, आत राहायला कुणी नाही. पुण्याच्या एका विश्वस्त संस्थेनं ते मागून घेतलं आणि तिथं अभ्यासकेंद्र काढलं. गिरणीचे चेअरमन, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी मला बोलावून घेतलं.

‘काय बे सेक्रेटरी, रिकामा हायस ना? तितं मॅनेजर म्हून ऱ्हा.’

‘पर आण्णा, करायचं काय तितं?’

‘शिकलेली मान्सं येनार. चार महिने ऱ्हानार, जेवनार, आन बोलनार.’

‘कुनाशी बोलनार?’

‘येकमेकांशी,’ आण्णा म्हणाले, आणि त्यांनाच ते पटेना म्हणून जरा वेळ छताकडं बघत बसले.

पण खरंच तसंच होतं. नाव होतं अभ्यागत अध्येतावृत्ती. वेगवेगळ्या विषयांची माणसं एका छपराखाली आणायची, त्यांच्या कॉलेजातली कामं सोडवून चार महिने निवांत ठेवायचं, आणि एकच अट: एकमेकांशी बोला. एक दगडातला जाणकार, एक हिशेबातला, एक गाण्यातला. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसेल, आणि दुष्काळासारखी सगळीकडून वेढणारी गोष्ट निदान सगळीकडून बघितली जाईल. कल्पना झकास. पहिल्या तुकडीत चौघं आली.

देसाईबाई भूगर्भवाल्या. हातात हातोडी, आवाज खणखणीत. दिसेल तो दगड फोडायच्या आणि त्याची चव घ्यायच्या. पिल्लेसाहेब अर्थशास्त्राचे, केरळचे. हिंदी बोलायचे आणि प्रत्येक वाक्य प्रश्नाचं असायचं. इनामदार सर बायकांच्या ओव्या जमवायचे, गळ्यात टेपरेकॉर्डर, तो काढल्याशिवाय जेवता येत नाही हे त्यांना तिसऱ्या दिवशी उमगलं. आणि कोलकात्याच्या मुखर्जीताई, गणिताच्या. त्या खिडकीत बसून बाहेर चरणाऱ्या शेळ्यामेंढ्या बघायच्या आणि कागदावर रेघा मारायच्या. स्वयंपाकाच्या कौसाबाईंनी मला विचारलं, ‘ही पोर आजारी हाय का?’

ती मेंढरं म्हाळूकाकांची. म्हाळूकाका धनगर, सत्तरीकडं झुकलेले, उन्हानं वाळून खारकेसारखे झालेले. मागच्या दारी कौसाबाईंच्या हातचा चहा घ्यायचे, पण गेस्टहाऊसच्या पायरीला पाय लावायचे नाहीत. चहा उभ्यानंच. सोबत मोत्या नावाचं कुत्रं, तेही पायरी चढायचं नाही. काका माझ्याशी दोन शब्दांच्या पुढं बोलत नसत. का, ते मला माहीत होतं, पण ते सांगायची जागा पुढं आहे.

आता या चौघांनी एकमेकांशी बोलावं ना? छे! जेवणाच्या टेबलाला चार कोपरे होते म्हणून बरं. देसाईबाई बोलायला लागल्या की पिल्लेसाहेब वर्तमानपत्र उघडायचे. इनामदार सरांनी ओवी वाजवली की मुखर्जीताई ताट घेऊन खिडकीत. मीठ पाहिजे असलं तरी माझ्याकडं बघून म्हणायचे. मला मात्र चौघंही सगळं सांगायचे! सकाळी बाई सांगायच्या, पूर्वेच्या टेकडीतला कातळ पाणी धरणारा आहे. दुपारी सर सांगायचे, एका ओवीत ‘सात टाक्यांचा माळ’ आलाय, म्हणजे कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांचा. संध्याकाळी पिल्लेसाहेब, ‘सेक्रेटरी, टँकर पाटील के घर के सामने ही क्यों रुकता है?’ आणि मुखर्जीताई मोडक्या हिंदीत, शेळ्यांच्या सगळ्या वाटा एका ठिकाणी मिळतात म्हणून. मी सगळ्यांना ‘व्वा’ म्हणायचो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हेच शिकलो होतो.

दर महिन्याला एकत्र चर्चासभा घ्यायची आणि तिचं इतिवृत्त पुण्याला पाठवायचं, असा नियम होता. पहिली सभा दहा मिनिटांत आटोपली. दुसरीत देसाईबाई आणि पिल्लेसाहेब पंखा किती जोरात ठेवायचा यावर बोलले. तिसऱ्या सभेच्या दिवशी बाई वाळू बघायला गेवराईला गोदावरीच्या पात्रात, सर कुठल्या वस्तीवर, मुखर्जीताई आपल्या खोलीच्या खिडकीत, पिल्लेसाहेब झोपलेले. मी रिकाम्या हॉलमध्ये वही उघडून बसलो. काय सांगू, जुन्या ओळखीच्या माणसाला बघून हात वर जातो ना, तसा माझा हात आपोआप चालायला लागला.

‘ठराव क्रमांक तीन. देसाईबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वेच्या कातळात, इनामदार सरांच्या ओवीतील सात टाक्यांच्या माळावर, मुखर्जीताईंच्या आकृतीतील शेळ्यांच्या वाटेने जाऊन सर्वांनी मिळून पाण्याचा शोध घ्यावा, व टँकर कुठे थांबावा या पिल्लेसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढावे. वाटाड्या म्हणून श्री. म्हाळूकाका यांना घ्यावे, त्यांची संमती आहे. सूचक पिल्ले. अनुमोदक देसाई. सर्वानुमते मंजूर.’

चारही भावक्या एका ठरावात! मला इतका आनंद झाला की मी खाली ‘टाळ्यांच्या गजरात’ हेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर वही फिरवली. चौघांनी न वाचता सह्या केल्या. विद्वान माणसं आणि संचालक यांत मला तिथं तरी काही फरक दिसला नाही.

आठवड्यानं पुण्याहून फोन आला. संस्थेच्या विश्वस्त रेणुकाताई. आवाज नुसता फुललेला.

‘सेक्रेटरी, मी तुमचं इतिवृत्त तीनदा वाचलं! चार विषय एका वाक्यात! खरं सांगू का, आम्ही हे केंद्र बंद करायच्याच विचारात होतो. आता मी स्वतः येते. येत्या शनिवारीच माळावर निघा, मीही तुमच्याबरोबर. ते बघून ठरवू.’

मी फोन ठेवला. केंद्र बंद झालं तर माझी नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून वाईट म्हणजे मला ते भारी आवडायला लागलं होतं. साठीच्या घरात मला प्रथमच अशी माणसं भेटली होती, जी सकाळी उठून एखादा दगड का फुटला असा विचार करायची. ती जाऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं.

दुपारच्या जेवणाला मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. ठराव मोठ्यानं वाचला. मग जो स्फोट झाला!

‘मैं सूचक? मैंने कब सुझाया?’ पिल्लेसाहेब.

‘आणि मी ह्यांना अनुमोदन दिलं? ह्यांना?’ देसाईबाईंचा आवाज गिरणीपर्यंत गेला असेल. ‘अहो, मी ह्यांना अजून मीठसुद्धा दिलेलं नाही!’

‘टाळ्या कुणी वाजवल्या?’ इनामदार सर.

मुखर्जीताईंनी माझ्या हातातून वही घेतली, सरांकडून अर्थ लावून घेतला, आणि हळूच विचारलं, ‘सात टाके? सात ही क्यों? मेरे कागज पे तो एक ही जगह है.’

‘ओवीत सात म्हणजे सातच असं नसतं,’ सर म्हणाले.

‘कातळात टाकी असतील तर ती पूर्वेलाच,’ बाई.

‘लेकिन बकरी पूरब नहीं जाती!’ मुखर्जीताई.

‘शेळीला काय कळतं भूगर्भातलं?’

‘आपसे ज्यादा,’ असं पिल्लेसाहेब म्हणाले, आणि देसाईबाईंनी त्यांच्याकडं पाहून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना सरळ उत्तर दिलं. ते उत्तर इथं छापण्यासारखं नाही. पण मंडळी, ती बोलत होती! एकमेकांशी! कौसाबाईंच्या भाकरी गार झाल्या, कढी आटली. पुढचे चार दिवस त्या घरात पंख्याचा विषय कुणी काढला नाही. व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं टेकड्या काढल्या, पिल्लेसाहेब ओवी म्हणायला लागले, तीही मल्याळी ठेक्यात, आणि मी चहाच्या किटल्या घेऊन नुसता पळत होतो. इतका आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता, कारण तिथं व्याही होते.

एक काम राहिलं होतं. मी म्हाळूकाकांकडं गेलो. ठरावात त्यांची संमती लिहून बसलो होतो आणि त्यांना पत्ताच नव्हता.

‘माझं नाव लिवलं? कावून?’ ते म्हणाले.

‘माळ तुमच्याइतका कुणाला ठाऊक, काका?’

काकांनी काठी मातीत फिरवली. ‘हिंडायला चलतो. मेंढरं तशी बी न्यावीच लागतात. पर पानीबिनी म्या दावनार न्हाई. मला इचारू नगा.’

शनिवारी सकाळी आमची वरात निघाली. पुढं मेंढरं, मागं मोत्या, मागं काका, मग देसाईबाई हातोडी परजत, सर टेपरेकॉर्डरसह, मुखर्जीताई कागद वाचत ठेचाळत, पिल्लेसाहेब छत्री उघडून, रेणुकाताई पांढऱ्या टोपीत, आणि शेवटी पिशवीत वही घेऊन मी. रस्त्यावरच्या टँकरचा ड्रायव्हर गाडी थांबवून बघत राहिला.

मग एकेकाचं विमान खाली यायला लागलं. पूर्वेचा कातळ देसाईबाईंनी चार ठिकाणी फोडला, आतून भुगा. ‘हा फसवतोय,’ त्या म्हणाल्या, जणू दगडानं त्यांना आधी शब्द दिला होता. सरांनी काकांना ओवी ऐकवली तर काका हसायलाच लागले. ‘ही माज्या सुनंनं सांगितली व्हय? ती गेवराईकडची. तिच्या माहेरच्या माळाचं गानं हाय ते. इतं कुटं टाकी?’ मुखर्जीताईंच्या रेघा मात्र तंतोतंत जुळल्या. सगळ्या वाटा एका बाभळीखाली मिळाल्या. तिथं पाणी नव्हतं. तिथं सावली होती आणि बाभळीच्या शेंगा होत्या. शेळ्या मिटक्या मारत खात होत्या. मुखर्जीताई मटकन खाली बसल्या आणि त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना. मग बाईंना फुटलं. पिल्लेसाहेबांनी छत्री मिटली आणि हसता हसता तिच्यावर रेलले. रेणुकाताई एकट्या गंभीर. मी मनात म्हटलं, झालं, गाशा गुंडाळा सेक्रेटरी.

तेवढ्यात मोत्या उठला. बाभळीपासून वीसेक पावलांवर एक उघडी, दगडगोट्यांची जागा होती, झाड नाही, सावली नाही. भर उन्हात तो तिथं गेला, पुढच्या पायांनी माती उकरली, आणि पोट जमिनीला लावून आडवा झाला. डोळे मिटून.

‘हाड! ऊठ तितनं!’ काका एकदम ओरडले. मी त्यांना त्या कुत्र्यावर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

देसाईबाईंनी काकांकडं पाहिलं, मग कुत्र्याकडं. त्या गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि मोत्याच्या बाजूला हातोडीच्या टोकानं उकरायला लागल्या. कोपरापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढला तो काळ्या, ओल्या चिखलानं माखलेला. ओळीनं पडलेल्या दुष्काळातला तो ओला हात! आम्ही सगळे अक्षरशः ओरडलो. सर नाचले. पिल्लेसाहेबांनी चिखल गालाला लावून पाहिला. मुखर्जीताईंनी कुत्र्याला मिठी मारली.

काका मात्र खाली बसले होते, डोक्याला हात लावून.

‘तुम्हाला माहीत होतं, काका?’ बाईंनी विचारलं.

‘ठावं हाय. मपल्या बापाला बी ठावं हुतं. उन्हाळ्यात हात-दीड हात उकरलं की रातभरात मेंढरापुरतं पानी साचतं. तेवढंच. तुमी कागदावर लिवनार, मग मशीन येनार, बोर पाडनार. चार रोज पानी लागंल, मग ह्ये बी संपंल आन मेंढरं बी.’

बाईंनी माती चोळली, आसपासचा दगड पाहिला, आणि मान हलवली. ‘बरोबर बोलतायत. हा एवढासा पाझर आहे. गावाला पुरणार नाही, कळपाला पुरतो.’

पिल्लेसाहेबांना पटेना. सापडलेली गोष्ट लपवायची म्हणजे अभ्यास कसला, त्यांचं म्हणणं. वाद पेटला. शेवटी मीच म्हणालो, ‘सभा घ्या. इथंच घ्या.’ आणि वही काढली. आधी रेणुकाताईंना सांगून टाकलं की तिसरी सभा झालीच नव्हती, ती मी एकट्यानं लिहिली. त्या टोपी काढून दगडावर बसल्या.

बाभळीखाली सभा सुरू झाली. ठराव: सापडलेली जागा अहवालात नकाशासह द्यावी. सूचक पिल्ले, या वेळी खरोखरचे. अनुमोदक कुणी नाही. मी विचारलं, ‘विरोध?’ उभ्या नोकरीत हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला, आणि तो कसा उच्चारायचा ते क्षणभर समजेना.

‘माझा हाय,’ काका म्हणाले. ‘लिवा.’

मी लिहिलं. मग बाई म्हणाल्या, माझाही. सर, माझाही. मुखर्जीताईंनी हात वर केला. ठराव पडला. पिल्लेसाहेब म्हणाले, ‘ठीक है, मैं हारा. लेकिन लिखो कि मैं नहीं माना.’ तेही लिहिलं. देसाईबाई म्हणाल्या, ‘त्यांच्या न मानण्याला माझा विरोध लिहा.’ विरोध लिहून घ्यायची जणू साथ आली. माझं पान भरलं, आणि इतकं गिचमिड, खाडाखोडीचं, सुंदर पान मी जन्मात लिहिलं नव्हतं.

रेणुकाताईंनी वही मागून घेतली. ‘आमच्याकडं देशभरातून इतिवृत्तं येतात,’ त्या म्हणाल्या. ‘भांडण लिहिलेलं हे पहिलंच. नकाशा नको मला. पुढची तुकडी पाठवते.’ मी त्यांच्या पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं.

सगळे उठायला लागले. काका उठले नाहीत.

‘सेक्रेटरी, माझा न्हाई लिवलाय तो वाचा बरं.’

मी वाचला.

‘परत वाचा.’

परत वाचला. काका मान डोलवत होते. मग म्हणाले, ‘आन मागचा?’

आता ती जागा आली. आज गिरणी आणि गेस्टहाऊस उभं आहे तो माळ पूर्वी चराईचा. गिरणीला तो मिळावा म्हणून आमच्या सोसायटीनं पाठिंब्याचा ठराव दिला होता. म्हाळूकाका सभासद. नोटीस वाचून ते मेंढरं पोरावर सोडून सभेला आले होते, नको म्हणून सांगायला. सोसायटीला कुलूप होतं. सभा मी आदल्या दिवशीच ओसरीवर उरकली होती, सर्वानुमते.

‘मी आलतो सेक्रेटरी. दारात दुपारपस्तोर बसलतो. तवा बी माझा न्हाईच हुता. तुमी लिवलाच न्हाई.’

माझे डोळे भरून आले, ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं लपवले. प्रत्येक सभेचा पहिला विषय एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हजारदा लिहिलेलं ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा पाळलं. ही सभा वेगळी, वही वेगळी, आणि कायद्यानं याला काडीची किंमत नाही हे मला माहीत होतं. तरी मी सगळ्यांना पुन्हा खाली बसवलं आणि पानाच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत लिहिलं:

‘मागील इतिवृत्तात दुरुस्ती. माळ गिरणीला देण्यास श्री. म्हाळूकाका यांचा विरोध होता. ते सभेला आले होते. सभा आली नव्हती.’

‘अनुमोदन?’ मी विचारलं.

पाच हात वर गेले. रेणुकाताईंचाही. काका आपला हात वर करायचा की नाही या पेचात सापडले, मग त्यांनी काठीच वर केली. मोत्या उठून अंग झाडून आला आणि माझ्या वहीवर चिखलाचा पाय ठेवून गेला. तो डाग अजून आहे.

त्या डागाच्या वर मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळूकाका गेस्टहाऊसच्या पायऱ्या चढून आले, टेबलापाशी खुर्ची ओढून बसले, आणि देसाईबाईंनी त्यांच्याकडं मीठ सरकवलं.